मंग देखसू

परवा जळगावहून माझा भाऊ आला तो पिशवीभर भरताची वांगी घेऊनच. धुळ्यात वांगी मिळत नाहीत असं नाही, पण जळगावच्या माणसाला ते पटवून देण्यात अर्थ नसतो. फिकट हिरवी, एकेक हातात घेतलं तर दोन्ही तळवे भरतील एवढं, देठाजवळ शेतातली थंडी अजून धरून बसलेलं. ऊन कलल्यावर अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या, वांग्यांना तेलाचं बोट फिरवलं आणि ती जाळात सारली. सालं तडकायला लागली. धूर आधी सरळ वर गेला, मग वारा फिरला तसा माझ्याच डोळ्यांत आला. अशा धुरात लोकांना आई आठवते, माहेर आठवतं. मला इंग्रजी आठवतं.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हे सांगताना थोडं ओशाळायला होतं. पण खरं ते खरं. धुळ्याची थंडी पडली, बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागले, कुणाच्या तरी अंगणातून वांग्याच्या सालाचा करपट वास आला, की ती लहान लहान इंग्रजी क्रियापदं माझ्या कानात कुजबुजायला लागतात. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर. पुट ऑन, पुट आऊट, पुट अप विथ. भाकरी थापता थापता मी त्यांच्या मागे कुठल्या कुठे जाते आणि तव्यावरची भाकरी करपल्यावर परत येते. घरात आता याची सवय झाली आहे.

याचं मूळ काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात आहे. दिवाळी झाल्यावर आमच्याकडे दोघी राहायला आल्या. माझी नणंद आशा आणि सासूबाई, म्हणजे अक्का. आशा इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात नर्स होती आणि हॉस्पिटलजवळ दोन खोल्या घेऊन मायलेकी राहायच्या. सासरे गेल्यावर अक्का गाव सोडून शहरात आल्या, त्या मुलाकडे न येता मुलीकडे गेल्या. आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. आमचं नुसतं जमत नव्हतं. मी जळगाव शहरात वाढलेली, पुस्तकासारखं बोलणारी. लग्न होऊन अमळनेरकडच्या त्या घरात गेले तेव्हा सगळीकडे 'आहे'ऐवजी 'शे' आणि 'सगळा'ऐवजी 'बठ्ठा' ऐकून मला वाटलं, बापाने दुसऱ्या राज्यात दिलं की काय. मी 'आहे' म्हटलं की अक्कांना त्यात ऐट दिसायची. त्या 'शे' म्हणाल्या की मला आपण पाहुण्या आहोत असं वाटायचं. एवढ्याशा शब्दावरून दोन बायका वर्षानुवर्षं एकमेकींपासून हातभर लांब बसू शकतात, आणि वरून सगळं गोडीगुलाबीचं दिसतं.

तर आशा. आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमाला नर्स हव्या होत्या आणि तिचा अर्ज पुढे सरकला होता. संक्रांतीनंतर संगणकावर मुलाखत व्हायची होती, सगळी इंग्रजीत. आशाचा हात इतका हलका की सुई टोचल्याचं पेशंटला नंतर कळायचं, पण इंग्रजी म्हटलं की तिलाच घाम फुटायचा. तिला जायचं होतं. मोठ्याने ती असं कधी म्हणाली नाही, पण तिशी उलटली होती, हॉस्पिटलच्या पाळ्यांत आणि अक्कांच्या गुडघ्यांच्या दुखण्यात तिची वर्षं निघून चालली होती, आणि त्या दिवसांत ती विमान गेलं की अंगणात येऊन वर बघायची. ती पास झाली तर जाणार. ती गेली तर अक्कांचं काय, हा प्रश्न त्या हिवाळ्यात आमच्या घरात रोज पाटावर बसून जेवायचा, फक्त त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

अक्कांना तेवढं सांगितलं होतं की नोकरी म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची आहे. त्यांनी शेंगा सोलता सोलता विचारलं, "तठला म्हातारासना पोरे कथा ग्यात?" तिथल्या म्हाताऱ्यांची पोरं कुठे गेली? आशा म्हणाली, गेली असतील ती पण कुठेतरी नोकरीला. अक्कांनी पुढची शेंग घेतली.

माझ्या नवऱ्याला, म्हणजे आशाच्या भावाला, मी हा प्रश्न विचारून पाहिला होता. तो म्हणाला, "मंग देखसू." नंतर बघू. तो कचेरीत स्वच्छ मराठी बोलतो, साहेबाशी हिंदीही झाडतो, पण टाळायचं असलं की त्याला मायबोली आठवते. टाकीची तोटी गळते, मंग देखसू. गच्चीला भेग पडली, मंग देखसू. त्याच्या वडिलांचंही हेच होतं म्हणतात. आमच्या दारावर नावाच्या पाटीऐवजी हेच दोन शब्द कोरून लावले असते तरी पोस्टमन चुकला नसता.

आशा आमच्याकडे आली ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला नव्हे. माझं इंग्रजी म्हणजे आनंदच. ती आली किरणभाभींसाठी. किरणभाभी आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या जैन कुटुंबातली सून. त्यांचं बाजारात कापडाचं मोठं दुकान आहे. ती चेन्नईत वाढली, तिथल्या कॉन्व्हेंटात शिकली आणि लग्न होऊन धुळ्यात आली, तिथे तिच्या इंग्रजीला कुणी विचारेना. एकदा मला म्हणाली होती, "अहो, माझी सासू आता स्वप्नातसुद्धा माझ्याशी मराठीच बोलते, आणि मी पण मराठीतच उत्तर देते." हसत म्हणाली, पण ते हसू तिने लवकर आवरलं. आशाचं कळल्यावर तीच आपणहून म्हणाली, मी शिकवते. कपाटात घडी करून ठेवलेला शालू नेसायला मिळाला तशी ती खुलली होती.

तिचं जेवण दिवस बुडायच्या आत उरकायचं आणि आमचा तेव्हा स्वयंपाक सुरू व्हायचा, म्हणून शिकवणीची वेळ ठरली ती अंगणातल्या जाळाभोवती. आशा पाळीवरून येऊन स्वेटर चढवून बसायची. अक्का सुपात शेंगा घेऊन. मी कधी वांगी भाजत, कधी बडग्यात, म्हणजे लाकडी उखळीत, मिरच्या-लसूण कुटत. किरणभाभी वांगं खात नाही, लसूण तर नाहीच, ती ओढणीचं टोक नाकाला लावून ओट्यावर जरा लांब बसायची आणि तिथूनच विचारायची, "झालं का भाजून? साल काळी झाली, बघा."

तिच्या शिकवणीत पुस्तक नव्हतं. जे हाताशी होतं तेच शिकवायचं. पुट ऑन युवर स्वेटर. टेक ऑफ युवर चप्पल्स. टर्न इट ओव्हर, वहिनी, ते वांगं एका बाजूनेच जळतंय. दिवा लावताना आशा पहिल्या दिवशी 'स्टार्ट द लाईट' म्हणाली आणि विझवताना 'क्लोज'. किरणभाभीने कपाळाला हात लावला. "हिला मोठे शब्द सगळे येतात," ती मला म्हणाली, "डिहायड्रेशन म्हणते, हायपरटेन्शन म्हणते. या छोट्या छोट्या शब्दांनीच घोळ केलाय."

खरंच होतं ते. आशाचं इंग्रजी हॉस्पिटलातलं, सगळं नामांचं. बीपी, सलाईन, डिस्चार्ज. गेट, पुट, गिव्ह, लुक ही एवढीएवढीशी क्रियापदं आणि त्यांच्या शेपटीला लावलेले अप, डाऊन, इन, आऊट, ऑफ, यांनी तिला रडकुंडीला आणलं. थ्रो अप म्हणजे उलटी होणं, हे कळल्यावर ती म्हणाली, वर कुठे फेकतं कोणी, चादरी तर मला बदलाव्या लागतात. किरणभाभी इतकी हसली की ओढणी नाकावरून सुटली आणि वांग्याचा धूर तिला पुरता मिळाला. तिने काही तक्रार केली नाही.

मला मात्र ते शब्द आवडायला लागले होते. त्यांना वजन नव्हतं. अप, ऑफ, अवे. जाळातून ठिणग्या उडायच्या आणि मला वाटायचं हेच ते शब्द, क्रियापदाला धरून बसलेले, जरा वारा आला की सुटून वर जाणारे. क्रियापद खाली राहणार, अंगणात, चुलीपाशी, आणि ते इवलंसं शेपूट त्याला कुठेतरी भलतीकडेच घेऊन जाणार. टेक ऑफ म्हणजे चप्पल काढणं आणि टेक ऑफ म्हणजे विमानाने जमीन सोडणं. आशा दोन्ही अर्थ पुन्हा पुन्हा म्हणायची आणि दुसऱ्या अर्थाला तिचा आवाज बदलायचा.

एका संध्याकाळी ती चिडलीच. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर, मग गिव्ह अप म्हणजे सोडून देणे हे कसं? यात काय नियम? मी नाही करत, म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून उठायला लागली. अक्कांनी ताटाकडे बघून एवढंच म्हटलं, "खाई टाक. मांजर बठेल शे."

मी बडग्यातला हात थांबवला. खाई टाक. खाऊन टाक. यात टाकायचं काय आहे? टाकायचं असतं तर खायचं कशाला? मी शाळेत दर वर्षी संयुक्त क्रियापदं शिकवते, फळ्यावर लिहिते, पेपरात विचारते, पण ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. मी आशाला विचारलं, भाऊ रागात बोलून बसतो तेव्हा बसलेलं कोण असतं? रस्त्यात पडून राहतो त्याला राहायला घर असतं का? तू आत्ता म्हणालीस सोडून देणे. सोडलं हे कळलं, पण दिलं कुणाला? आशा उभीच होती. मग हळूच म्हणाली, "गिव्ह म्हणजे देणेच की गं वहिनी. त्यांनी पण देऊनच टाकलं." आणि खाली बसून तिने ताटातलं सगळं खाऊन टाकलं. मांजर आशेने बघत राहिलं.

त्यानंतर ती भराभर शिकली. आपल्यासारखीच त्या लोकांचीही भाषा वेडीवाकडी आहे, हे कळल्यावर तिची भीती गेली असावी. परक्या घरातही कुठेतरी भांडी पडतात, कुणीतरी ओरडतं, हे ऐकू आलं की नव्या सुनेला धीर येतो. हे मला माहीत आहे, मी त्यातून गेले आहे.

पण लुक आफ्टर आला तो दिवस वेगळा. किरणभाभी अर्थ आधी सांगायची नाही, ओळखायला लावायची. आशा आता शूर झाली होती. तिने लगेच फोड केली: "लुक म्हणजे देख. आफ्टर म्हणजे मंग. लुक आफ्टर म्हणजे मंग देखसू."

माझा नवरा तेव्हाच कचेरीतून येऊन सायकल भिंतीला टेकवत होता. आम्ही तिघी त्याच्याकडे बघून अशा हसलो की त्याने आधी शर्टाची बटणं तपासली. अक्का तर डोळे पुसत होत्या. बाप, मुलगा, दोघांचं नाव घेऊन त्या हसत होत्या. बिचाऱ्या किरणभाभीला काही कळेना. मी तिला सगळं समजावून सांगितलं, की या घरात नंतर बघू म्हणजे कधीच नाही.

किरणभाभी हसली नाही. म्हणाली, "अहो, हे तर उलटंच झालं. लुक आफ्टर म्हणजे नंतर नाही. लुक आफ्टर म्हणजे आत्ता बघायचं. रोज बघायचं. कोणी म्हातारं असलं, आजारी असलं, त्याला सांभाळायचं."

जाळ मंद झाला होता. आशाने काडीने निखारे उगीच उकरले आणि माझ्या नवऱ्याने घरात जाऊन रेडिओ लावला. त्या हिवाळ्यात अक्कांना एकच इंग्रजी क्रियापद आलं, ते हे. दोन्ही अर्थांसकट.

दुसऱ्या दिवशी पुट अप विथ होतं. आशा म्हणाली, वर ठेवणे, माळ्यावर टाकणे. मी म्हटलं, नाही गं, चालवून घेणे, सोसणे. हे म्हणताना अक्का आणि मी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मुलाखत दुपारी होती. तिकडे तेव्हा सकाळ. आशा पुढच्या खोलीत किरणभाभीचा लॅपटॉप मांडून बसली, पांढरा ड्रेस, वर निळा स्वेटर, मागे भिंतीवरचं कालनिर्णय मी काढून ठेवलं होतं. दार नुसतं लोटलेलं. अक्का आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होतो, आवाज होऊ नये म्हणून पितळीऐवजी फडक्यावर. वीज जाऊ नये म्हणून किरणभाभी तिच्या घरी नवकार मंत्र म्हणत बसली होती.

आशाचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग सरळ झाला. तिकडची बाई बोलत होती ते मला निम्मंच कळत होतं, पण आशाचं सगळं कळत होतं, कारण ते आमच्या अंगणातलं इंग्रजी होतं. आय गेट ऑन वेल विथ ओल्ड पीपल. ताप कसा उतरवते ते सांगताना ब्रिंग डाऊन. एकदा थ्रो अप सुद्धा आलं आणि मी तोंडावर पदर धरला. मग बाईने विचारलं, घरी कोण असतं. आशा म्हणाली, आई. बाईने विचारलं, आणि तू इकडे आलीस तर तुझ्या आईला कोण बघणार? तिने लुक आफ्टर असाच शब्द वापरला. मला तो भिंतीपलीकडूनही नीट ऐकू आला.

आशा म्हणाली, "माय सिस्टर-इन-लॉ विल लुक आफ्टर हर."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, आशानेही नाही. आयर्लंडच्या कुठल्याशा बाईला आधी कळलं, मला नंतर, तेही दाराआडून आणि इंग्रजीत. माझ्या हातातला घाटा तसाच राहिला. नोकरी माझी, शाळा माझी, आणि या बाई, ज्यांच्या शेजारी मी इतकी वर्षं हातभर लांब बसले, त्या एका वाक्यात माझ्या पदरात घातल्या गेल्या. गिव्ह अवे म्हणतात बहुतेक याला.

अक्कांनी माझं तोंड बघितलं. हळू आवाजात विचारलं, "काय म्हनी राहिनी ती?"

मी वेगळंच काही सांगू शकले असते. अक्कांना इंग्रजी कुठे येत होतं. पण तेवढा एक शब्द त्यांना येत होता आणि तो त्यांनी ऐकला होता, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी सांगितलं, ती म्हणते, वहिनी तुम्हाला सांभाळेल.

अक्कांनी फडक्यावरचे हिरवे दाणे बोटाने एका बाजूला केले. पुढच्या खोलीत आशा दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला लागली होती. अक्का म्हणाल्या, "आनि तू काय म्हनस?"

त्या सबंध हिवाळ्यात मला हा प्रश्न विचारणारी ही एकच व्यक्ती. जिच्याबद्दल सगळे गप्प होते, तिनेच मला विचारावं. तिला नाही म्हटलं असतं तर ती मला एक शब्द बोलली नसती. तिने आशाला सांगितलं असतं, तू परदेशी गेलेलं मला पसंत नाही, आणि आशा गेली नसती. हे मला तिथल्या तिथे कळलं. माझा राग कुठे गेला ते मात्र कळलं नाही. मी इतकी वर्षं त्या घरात 'आहे' म्हणत आले होते. त्या दिवशी माझ्या तोंडून आपसूक त्यांची बोली निघाली.

"मंग देखसू," मी म्हणाले.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी कोणत्या अर्थाने म्हटलं ते त्या शोधत असाव्यात, घरातल्या की किरणभाभीच्या. मग त्यांच्या तोंडाला पडलेल्या सुरकुत्या हलल्या. त्या हसल्या आणि सरकून जवळ आल्या, कारण घाटे माझ्या बाजूला होते. मधलं ते हातभर अंतर तसं सहज संपलं. त्यात काही मोठं घडल्यासारखं कुणाला वाटलं नसतं.

आशा गेली ती होळीनंतर, ऊन तापायला लागलं तेव्हा. सकाळच्या एसटीने मुंबई आणि तिथून विमान. धुळ्याच्या स्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. किरणभाभी दुकानातून तिच्यासाठी गरम शाल घेऊन आली आणि म्हणाली, याला सी ऑफ म्हणतात, शेवटचा धडा. आशा खिडकीत बसली. रडू नये म्हणून ती सारखी इंग्रजीत बोलत होती, गेट इन, गेट ऑफ, गेट देअर, आणि कंडक्टर तिच्याकडे चमकून बघत होता. गाडी निघाली, वळली, धुळीत दिसेनाशी झाली. आम्ही निघालो, तर अक्का जागच्या हलेनात. त्या गाडी गेली त्या दिशेला बघत होत्या. तिथे काहीच नव्हतं, एक उसाच्या रसाचं गाडं होतं.

"गयी," त्या म्हणाल्या, आणि तरी बघत राहिल्या.

किरणभाभीने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "यालासुद्धा लुक आफ्टरच म्हणतात. जाणाऱ्याच्या मागे बघत राहणं." मला आधी वाटलं ती माझी समजूत काढतेय. घरी येऊन शब्दकोश पाहिला, तर खरंच होतं.

त्यानंतर अक्का आमच्याकडे आहेत. सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. त्यांना माझी भाजी अजून अळणी लागते आणि त्या ते दाराशी आलेल्या भाजीवालीला सांगतात. मीही कधी कधी पुट अप विथ असं दात आवळून म्हणते, एकटीच. त्यांचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा महिनोन्‌महिने मी शाळेतून धावत घरी यायचे, आणि आशा तिकडे दुसऱ्या कुणाच्या आईला कुशीवर वळवत असायची. हे आम्हा दोघींना माहीत आहे. फोनवर आम्ही त्याबद्दल फारसं बोलत नाही; ती विचारते, जेवल्या का, मी विचारते, थंडी किती आहे. मात्र माझ्या बोलण्यात आता 'शे' येतो. वर्गात मुली तोंडावर हात ठेवून हसतात तेव्हा मला कळतं.

अक्का आता विसरतात. सासरे गेले हे विसरतात, दात घासले हे विसरतात. हाड जुळलं, पण पाऊल डळमळतं, म्हणून ऊन कलताना त्यांना काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारायला लावायच्या असं डॉक्टरांनी सांगितलंय. धरून चालवलेलं त्यांना खपत नाही. मी आपली मागून चालते, एक पाऊल सोडून. नजर त्यांच्या टाचांवर. पाऊल वाकडं पडलं तर हात पुढे करता येईल इतक्या अंतरावर. शाळेतून दमून आलेली असते, त्या टाचा बघता बघता डोळ्यांवर झापड येते, आणि वाटतं आपण असेच पुष्कळ वर्षं चाललोय, त्या पुढे आणि मी मागे, अमळनेरच्या त्या घरातल्या पहिल्या दिवसापासून. तेव्हाही त्या पुढे चालल्या होत्या आणि मी मापटं ओलांडून त्यांच्याच टाचांकडे बघत आत गेले होते.

परवा वांगी जाळात होती आणि आमची फेरी चालू होती, तेव्हा आशाचा फोन आला. तिकडे तिची दुपार व्हायची होती. मागच्या खिडकीबाहेर पाऊस दिसत होता, तिच्या अंगावर किरणभाभीची शाल. मी फोन समोर धरून चालत राहिले, म्हणजे आशाला दिसत होती अक्कांची पाठ, काठी, आणि पलीकडे तो धूर. वांग्यांचा वास येतोय म्हणाली. येणार कसा, पण मी हो म्हटलं.

आशा फोनवर आली की अक्का आजकाल तिला कधी ओळखतात, कधी नाही. म्हणून ती त्यांना जुन्या गोष्टी विचारून बघते. तिने तिकडून जरा मोठ्याने विचारलं, "अक्का, हू इज लुकिंग आफ्टर यू?"

अक्का थांबल्या. मीही थांबले. कोण विचारतंय, कुठून विचारतंय, त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. काठी पुढे टेकली, तोल सावरला, आणि पुन्हा चालायला लागता लागता म्हणाल्या,

"ती शे ना मांगे."